शाळा, गिर्यारोहण संस्था, वनविभाग आणि गाव : डोंगरातल्या शिक्षणाची जबाबदारी कोणी कशी वाटून घ्यावी?

कृष्णाकाठची_शिक्षिका (प्रश्न)

नमस्कार. मी वाई तालुक्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातील पहिलाच पाठ ‘क्षेत्रभेट’ हा आहे आणि बहुतेक शाळांत तो फळ्यावर प्रश्नावली लिहून वर्गातच उरकला जातो, हे येथील शिक्षक मंडळी मान्य करतील. आमच्या मुलांना पांडवगड, वैराटगड, केंजळगड ही नावे पाठ आहेत. मात्र त्यांपैकी एखादा गड स्वतःच्या पायांनी चढून पाहिलेली मुले वर्गात फार थोडी निघतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना आल्यापासून संस्थाचालकही या विषयाकडे थोडे गांभीर्याने पाहू लागले आहेत. त्या निमित्ताने आठवी आणि नववीच्या सुमारे साठ मुलामुलींसाठी वर्षभराचा उपक्रम आखण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पावसाळा संपल्यावर नकाशावाचन, हिवाळ्यात एका गडाची दिवसभराची भेट, त्यानंतर एका रात्रीचे मुक्कामी शिबिर आणि जमल्यास प्रस्तरारोहणाची (कातळ चढण्याची) ओळख, असा ढोबळ आराखडा मनात आहे.

मदत करणाऱ्यांची वाण नाही, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. पुण्यातील एक गिर्यारोहण संस्था प्रशिक्षक देण्यास तयार आहे. वनविभागाचे स्थानिक कर्मचारी सहकार्य करू म्हणतात. गडाखालच्या गावातील मंडळी जेवणाची आणि मुक्कामाची सोय करतील. जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एक कंपनी सामाजिक दायित्व निधीतून काही रक्कम देऊ इच्छिते. शिवाय सगळेच एकहाती करून देणारे खासगी आयोजकही माणशी दर घेऊन दारात उभे आहेत. मात्र उद्या एखादे मूल पाय घसरून पडले तर पहिला निर्णय कोण घेणार, असे विचारले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका आयोजकाबरोबर आम्ही मुले पाठवली होती. बैठकीत ज्यांची प्रमाणपत्रे दाखवली गेली, त्यांपैकी एकही प्रशिक्षक प्रत्यक्ष शिबिरात आला नाही. दोर हाताळत होती ती नुकतीच कामाला लागलेली महाविद्यालयीन मुले. सुदैवाने काही घडले नाही, पण पालकांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि यंदा मुलींचे पालक संमती देताना शंभर प्रश्न विचारत आहेत.

संस्थेची पात्रता पारखावी कशी, सरकारी परवानग्या मिळाल्या म्हणजे आपण निर्धास्त व्हावे का, आणि या चार-पाच संस्थांनी एकमेकांशी नेमके काय ठरवून घ्यावे, याविषयी प्रत्यक्ष काम केलेल्यांकडून जाणून घ्यायचे आहे.

कातळवाट

मॅडम, मी एका गिर्यारोहण संस्थेत बरीच वर्षे प्रशिक्षक म्हणून काम करतो, त्यामुळे आधी आमच्याच बाजूचे सांगतो. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था (स्थापना १९६५) किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (स्थापना १९५४) येथला ‘बेसिक’ अभ्यासक्रम केलेला तरुण हा चांगला विद्यार्थी असतो; तेवढ्यावर तो शिक्षक होत नाही. त्यापुढे ‘अ‍ॅडव्हान्स’, आणि शिकवण्याची पद्धत शिकवणारा ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’ असे टप्पे असतात. तेव्हा प्रमाणपत्र पाहताना ते कोणत्या टप्प्याचे आहे हे पाहा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या व्यक्तीचे नाव शिबिराच्या तारखेसह करारपत्रात लिहून घ्या. ऐनवेळी माणूस बदलावा लागला तर बदली प्रशिक्षक त्याच पात्रतेचा असेल आणि शाळेला आदल्या दिवशी कळवले जाईल, अन्यथा दोराचा कार्यक्रम रद्द होईल, असे एक वाक्य त्यात असू द्या. तुमच्या त्या आयोजकाकडून हे वाक्य लिहून घेतले असते तर तो प्रकार करणे त्याला जड गेले असते.

साहित्याबाबत शिक्षकांनी संकोच करू नये. आमच्या संस्थेत प्रत्येक दोराची नोंदवही असते: खरेदी कधीची, कोणत्या शिबिरांत वापरला, कातळाच्या धारेवर घासला का, झटका बसला का. नायलॉनचा दोर न वापरताही म्हातारा होतो, आणि कपाटात जपून ठेवलेला असला तरी दहा वर्षांनंतर तो बाद करावा असेच उत्पादक सांगतात. दोर तपासण्याची रीत अगदी साधी आहे. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश हातातून सरकवत न्यायचा आणि दर वीतभर अंतरावर बोटांत दुमडून पाहायचा. बाहेरचे आवरण धडधाकट दिसत असूनही एखाद्या ठिकाणी तो चपटा किंवा पोकळ लागला, की आतल्या गाभ्याला इजा झाली आहे असे समजायचे आणि तो दोर त्या दिवशीच कापून टाकायचा. ही तपासणी मुलांसमोर करा, असे प्रशिक्षकांना सांगा. जो प्रशिक्षक त्याला कंटाळा करील, त्याच्या हाती मुले देऊ नका.

आता थोडे कटू बोलतो. आपल्याकडे साहस म्हटले की रॅपलिंग (दोराने कडा उतरणे) आणि व्हॅली क्रॉसिंग (दोरावरून दरी ओलांडणे) हे समीकरण होऊन बसले आहे, कारण त्यात छायाचित्र चांगले येते आणि साठ मुले चार तासांत ‘होऊन’ जातात. मूल हार्नेसमध्ये (दोराला जोडायच्या कमरेच्या पट्ट्यात) अडकवले, खाली सोडले, टाळ्या झाल्या. त्यात त्या मुलाने स्वतः कोणता निर्णय घेतला? भूगोलाच्या शिक्षिकेला याहून कितीतरी मोठे काम करता येईल. सर्वे ऑफ इंडियाचे एकास पन्नास हजार प्रमाणाचे नकाशे आता ऑनलाइन मिळतात. त्यांत दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमध्ये) वीस मीटरचा फरक असतो. केंजळगडाचा तेवढाच भाग कापून मुलांच्या गटांना द्या. पायथ्यापासून माथ्यापर्यंत किती रेषा ओलांडाव्या लागतात ते त्यांनी मोजावे आणि चढाईला लागणाऱ्या वेळेचा अंदाज बांधावा. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास, हा डोंगरात वापरला जाणारा जुना आडाखा आहे. आठवी-नववीच्या मुलांसाठी त्यात निम्म्याने तरी वाढ धरावी. मग प्रत्यक्ष चढताना घड्याळ पाहायचे. रेषा दाटीने आलेल्या आहेत तेथेच कातळात कोरलेल्या पायऱ्या का लागतात, हे त्या पायऱ्यांवर दम खात उभ्या असलेल्या मुलाला वेगळे समजवावे लागत नाही. हे शिकवण्यासाठी दोराची गरज नाही, आणि हे काम आम्हा प्रशिक्षकांपेक्षा तुम्ही अधिक चांगले कराल.

जबाबदारीचे म्हणाल तर एकच सूत्र आम्ही पाळतो. त्या दिवशी डोंगरावर एकच नेता असतो, त्याचे नाव सर्वांना आधीपासून ठाऊक असते आणि परत फिरायचा निर्णय त्याने घेतला तर त्यावर मुख्याध्यापक, देणगीदार किंवा आमच्या संस्थेचा अध्यक्ष यांपैकी कोणीही वाद घालत नाही.

निवृत्त_विस्तार_अधिकारी

शिक्षण विभागात आयुष्य गेले असल्याने कागदांविषयी बोलण्याचा अधिकार मला आहे असे समजतो. परवानगी आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षणाधिकारी कार्यालयाकडून सहलीची परवानगी मिळते ती तुम्ही सादर केलेल्या माहितीच्या आधारावर. त्या कार्यालयातील कोणीही तुमच्या गडावरचे पाण्याचे टाके पाहिलेले नसते. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रकिनाऱ्यावर सहलीला गेलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, त्यानंतर परवानगीचे नियम अधिक काटेकोर झाले, आणि ते योग्यच झाले. परंतु त्याचा एक अनिष्ट परिणाम असा की कागद पूर्ण करण्यातच शाळांची शक्ती खर्ची पडू लागली आणि कागद पूर्ण झाले म्हणजे काळजी मिटली, अशी एक समजूत रूढ झाली.

पालकांच्या संमतिपत्राबद्दलही असाच गैरसमज आहे. ‘काही बरेवाईट झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही’ असे छापून त्यावर पालकांची सही घेण्याची प्रथा सर्रास दिसते. निष्काळजीपणा झाला असेल तर अशा वाक्याने शाळेची सुटका होत नाही. उलट, आपल्याला धोका ठाऊक होता एवढेच त्या कागदावरून सिद्ध होते. संमतिपत्रात उपयोगाचे असते ते वेगळेच: मुलाला दमा, फिट किंवा मधमाशीच्या दंशाची अ‍ॅलर्जी आहे का, कोणते औषध चालू आहे, पोहता येते का, आणि दिवसभर हमखास उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक कोणता. ही माहिती मुख्याध्यापकांच्या कपाटात राहू नये, तिची प्रत डोंगरावरील नेत्याच्या खिशात असावी.

खासगी आयोजक असल्यास पर्यटन संचालनालयाकडील नोंदणीचे प्रमाणपत्र अवश्य मागावे. शालेय शिक्षण व क्रीडा विभागाने २०१८ साली साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेविषयी शासन निर्णय काढला आणि २०२१ साली पर्यटन विभागाचे साहसी पर्यटनाचे धोरण आले. तेव्हा ‘आम्हाला असे काही लागत नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नये. विम्याच्या कागदावरची बारीक अक्षरेही वाचावीत, कारण सर्वसाधारण अपघात विम्यांत साहसी खेळ वगळलेले असणे ही नेहमीची बाब आहे. प्रवासासाठी शक्यतो राज्य परिवहन महामंडळाचीच गाडी घ्यावी. शैक्षणिक सहलीला भाड्यात सवलत मिळते, आणि गाडी, चालक व त्याची कागदपत्रे पारखण्याचे काम शाळेच्या डोक्यावर राहत नाही.

जाता जाता एक विचारतो. आपल्या शाळेत स्काउट-गाइड पथक किंवा राष्ट्रीय छात्र सेनेची तुकडी आहे का? बहुतेक जुन्या अनुदानित शाळांत ते पथक कागदोपत्री जिवंत असते, प्रशिक्षण घेतलेला स्काउट मास्तरही असतो, पण त्याला गणवेशात उभे करण्याचा प्रसंग १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी या दोन दिवसांपलीकडे येत नाही. गाठी, तंबू, प्रथमोपचार, पथकाने चालण्याची शिस्त हे सर्व त्याच्या अभ्यासक्रमातच आहे. बाहेरच्या संस्था शोधण्याआधी आपल्याच शाळेतील या माणसाला बैठकीस बोलवावे, ही विनंती.

पठारावरचा

मी कास भागातल्या एका गावचा असून आमच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीचे (गाव आणि वनविभाग मिळून जंगल सांभाळतात ती समिती) काम पाहतो. वर सगळ्यांनी गावाचा उल्लेख जेवण आणि मुक्काम एवढ्यापुरता केला, म्हणून लिहावेसे वाटले.

कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि फुलांच्या हंगामात गाड्यांची रीघ लागली. तेथे रोजच्या पर्यटकांवर मर्यादा, आधी नोंदणी, वाहनतळ, वाटा आखून देणे आणि फुलांत शिरणाऱ्यांना बाहेर काढणे ही कामे वनविभाग आणि आसपासच्या गावांच्या समित्या मिळून करतात. वनविभागाकडे कायदा आहे, पण माणसे कमी आहेत. आमच्याकडे माणसे आहेत, पण शिट्टी वाजवून एखाद्याला थांबवण्याचा अधिकार समितीमुळे मिळतो. वासोटा किल्ल्याचेही तसेच आहे. बामणोलीत वनविभागाची परवानगी घ्यायची, स्थानिक बोट क्लबच्या बोटीतून कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडायचा आणि संध्याकाळच्या आत परत यायचे. कोयना अभयारण्याचा भाग असल्यामुळे गडावर मुक्काम नाही. तुम्ही वनविभाग, गाव आणि बाहेरची संस्था यांनी मिळून काम करण्याविषयी विचारता आहात, तर एखाद्या रविवारी बामणोलीला येऊन नुसते पाहत बसा. भांडणे कशावरून होतात आणि ती कोण मिटवतो, हे दोन तासांत कळेल.

गावाला आधी विचारा, म्हणजे सरपंचाला फोन करून तारीख कळवणे नव्हे. गडावरच्या कोणत्या टाक्यातले पाणी माघ महिन्यापर्यंत टिकते, कोणत्या कड्याला यंदा आग्या मोहोळ लागले आहे, वणवा अडवणारे जाळपट्टे कधी काढणार, कोणत्या वाटेवर दरड सैल झाली आहे, हे पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकाला गेल्या वर्षीचे माहीत असते. आम्हाला या आठवड्याचे माहीत असते. मोहोळाचे तर विशेष सांगतो. धूर, अत्तराचा वास आणि आरडाओरडा या तीन गोष्टींनी माश्या उठतात, आणि साठ मुलांची सहल तिन्ही गोष्टी बरोबर घेऊन येते. माश्या उठल्या की कड्याच्या वाटेवर पळापळ होते आणि दंशापेक्षा त्या पळापळीत माणूस जातो. आमच्यातला एक जण पुढे असला तर तो त्या टप्प्याच्या अलीकडेच मुलांना थांबवतो, पाच-पाच जणांना गप्पपणे पुढे काढतो. त्याला तुम्ही ‘वाटाड्या’ म्हणून शेवटी दोनशे रुपये हातावर ठेवणार असाल तर तो पुढच्या वेळी येणार नाही. त्याचे नाव प्रशिक्षकांच्या यादीत घाला, मानधन आधी ठरवा आणि ते समितीच्या किंवा बचत गटाच्या खात्यावर द्या, म्हणजे गावात कुरबुर होत नाही.

शेकोटीचा हट्ट सोडा. फेब्रुवारीपासून गवत इतके वाळलेले असते की एक ठिणगी पुरते, आणि वणवा विझवायला रात्री झाडांच्या ओल्या फांद्या घेऊन आम्हीच धावतो. मुलांना रात्रीचे काही दाखवायचे असेल तर गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला देवराईविषयी बोलते करा.

कृष्णाकाठची_शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. विस्तार अधिकारी सरांनी म्हटल्याप्रमाणे चौकशी केली. आमच्याकडे गाइड पथक आहे आणि हस्तकलेच्या बाईंनी त्याचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले आहे, हे मला याच शाळेत असून माहीत नव्हते.

आता दोन गाठी उरल्या आहेत. गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षक नोकरदार असल्याने ते शनिवार-रविवारीच येऊ शकतात, तर शाळेला नकाशावाचनाचे तास आठवड्यात मधल्या वारी हवे आहेत. दुसरे असे की कंपनीचे अधिकारी उदार असले तरी त्यांना शाळेच्या मैदानावर चढाईची कायमस्वरूपी कृत्रिम भिंत आणि झिपलाइन (तारेवरून घसरत जाण्याची सोय) उभारून त्यावर आपले नाव लावायचे आहे. प्रशिक्षकांच्या मानधनासाठी किंवा प्रवासासाठी निधी देण्यात त्यांना रस दिसत नाही. मुलींच्या पालकांचा प्रश्न तर आहेच.

दोरखंड

ताई, मी बचावकार्य करणाऱ्या एका स्थानिक पथकात काम करते आणि मुलींची शिबिरेही घेते, म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. पालकांची बैठक शाळेत घेऊ नका. मुक्काम जेथे होणार आहे त्या गावात पाच-सहा आयांना आधी घेऊन जा. त्यांना झोपण्याची खोली, तिची आतली कडी, शौचालय आणि त्यातले पाणी पाहू द्या. मासिक पाळी आलेल्या मुलीने कोणाला सांगायचे, वापरलेले पॅड कोठे टाकायचे, तिला त्या दिवशी चढायचे नसेल तर तिच्याबरोबर खाली कोण थांबेल, हे त्यांच्यासमोर ठरवा. मी पाहिले आहे ते असे की ‘सुरक्षिततेची पूर्ण काळजी घेतली जाईल’ या वाक्याने कोणत्याही आईचे समाधान होत नाही, आणि आतली कडी पाहिल्यावर बहुतेकींचे होते. स्त्री-शिक्षिका रात्री मुलींच्याच खोलीत झोपेल आणि हार्नेस चढवताना मुलींजवळ स्त्री-प्रशिक्षकच असेल, हेही लेखी असू द्या.

‘कातळवाट’ सरांशी मात्र एका बाबतीत मी सहमत नाही. रॅपलिंग हा देखावा झाला आहे हे खरे, पण म्हणून दोर वगळू नका. घरी झाडावर चढायलाही ज्यांना मनाई आहे अशा मुली पहिल्यांदा कातळाला पाय लावून मागे झुकतात, तेव्हा त्यांच्या अंगातला ताठपणा जाताना मी पाहिला आहे. ते समोच्च रेषांनी होत नाही. उपाय असा की दिवसाला साठ मुले उतरवण्याऐवजी वीसच घ्या आणि त्या वीस जणींना दुसरीचा दोर धरायलाही शिकवा. मैत्रिणीचे वजन आपल्या हातात आहे हे कळले की खेळ थांबतो आणि शिक्षण सुरू होते. ज्यांना उतरायचे नसेल त्यांच्यावर ‘घाबरट’ म्हणून कोणी हसणार नाही, याची जबाबदारी शिक्षकांची. गडाच्या तटबंदीत किंवा संरक्षित स्मारकाच्या कातळात खिळे ठोकण्याचा प्रश्नच येत नाही. जागा गडापासून वेगळी निवडा आणि ती आधी वनविभागाला दाखवा.

आता बचावाविषयी. आपत्कालीन योजना म्हणजे दूरध्वनी क्रमांकांची यादी, अशी समजूत आहे. जखमी मूल जेथे पडले तेथून गाडीरस्त्यापर्यंत त्याला कोण, कशावरून, किती वेळात आणणार, हे लिहिलेले नसेल तर त्या यादीचा उपयोग नाही. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर आहे, पण ती डांबरी रस्त्यापर्यंतच येते. वाटेवर मोबाइलला रेंज कोणत्या ठिकाणी मिळते त्याच्या खुणा नकाशावर करून ठेवा. सर्पदंशावरचे औषध जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या आठवड्यात उपलब्ध आहे का, की थेट वाईच्या ग्रामीण रुग्णालयात जावे लागेल, हे स्वतः जाऊन विचारा. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या पुढाकाराने उभे राहिलेले महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर हे सह्याद्रीतील निरनिराळ्या पथकांना एकमेकांशी जोडते. तुमच्या शिबिराच्या तारखा आणि जागा आपल्या भागातील पथकाला आधी कळवून ठेवल्या तर वेळ वाचतो. २०१८ च्या जुलैमध्ये आंबेनळी घाटात बस दरीत गेली तेव्हा महाबळेश्वर आणि पोलादपूरकडचे ट्रेकर्स दोर घेऊन खाली उतरले. २०२३ च्या जुलैमध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वर यंत्रे नेण्यासारखा रस्ताच नव्हता, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांबरोबर चालत वर गेलेल्यांत त्या परिसरातील गिर्यारोहक होते. हे जमले याचे कारण या पथकांनी आधीची कित्येक वर्षे त्याच घाटांत, त्याच गावकऱ्यांबरोबर सराव केलेला होता. तुमच्या शिबिराआधी एकदा तुमचे शिक्षक, गावातील चार तरुण आणि प्रशिक्षक यांनी मिळून एका धडधाकट शिक्षकाला स्ट्रेचरवरून गडाच्या निम्म्या वाटेवरून खाली आणून पाहावे. मग मुक्कामाची जागा, बरोबर न्यायची माणसे आणि निघण्याची वेळ यांत तुम्ही स्वतःहूनच बदल कराल.

कातळवाट

‘दोरखंड’ ताईंचा मुद्दा मान्य. वीस मुली आणि एकमेकींचा दोर धरणे, अशा रीतीने होणार असेल तर माझा विरोध नाही.

मधल्या वाराच्या अडचणीला बाहेरचे प्रशिक्षक हे उत्तर नाही. नकाशा, होकायंत्र, गाठी आणि प्रथमोपचार यांसाठी तुमच्याच शाळेतील तिघे-चौघे तयार करा: तुम्ही, गाइड पथकाच्या बाई आणि शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. पुण्यात गार्डियन गिरिप्रेमी इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंगसारख्या संस्था आणि काही जुने क्लब थोड्या दिवसांचे अभ्यासक्रम घेतात. दिवाळीच्या सुट्टीत ते करता येतील. दुर्गम भागातील प्रथमोपचाराचे वर्गही स्वतंत्रपणे होतात, आणि एकच अभ्यासक्रम परवडणार असेल तर तो निवडा. शनिवारी आम्ही येऊ तेव्हा तुमची मुले नकाशा घेऊन तयार असतील, तर आमचा अर्धा दिवस वाचेल.

कंपनीला नेमका हाच खर्च उचलायला सांगा. कृत्रिम भिंत उभी राहील, उद्घाटन होईल, आणि दोन वर्षांनी तिचे नट-बोल्ट कोणी तपासायचे हा प्रश्न शाळेच्या गळ्यात पडेल. तपासणारा माणूस नसलेली झिपलाइन ही मुलांच्या मैदानावर नसलेलीच बरी. नाव लावण्याचा आग्रह असेल तर ते प्रथमोपचाराच्या पेट्यांवर, हेल्मेटवर आणि शिक्षकांच्या प्रमाणपत्रावर लावता येईल. देखभालीचा आणि प्रशिक्षणाचा तीन वर्षांचा खर्च त्याच पत्रात मंजूर करणार असाल तरच भिंतीचा विचार करू, असे त्यांना नम्रपणे लिहा. बहुतेक वेळा पुढची चर्चा आपोआप प्रशिक्षणाकडे वळते.

करारपत्र लांबलचक नको. कोण कोणत्या दिवशी कोठे असेल, डोंगरावरचा नेता कोण, कार्यक्रम रद्द करण्याचा अधिकार कोणाचा, रद्द झाल्यास गावाच्या जेवणाचे पैसे कोण देणार (हे हमखास विसरले जाते आणि मग पैसे वाया जातील म्हणून लोक पावसातही चढतात), आणि शिबिरानंतर आठवड्याभरात सर्वांनी एकत्र बसून काय चुकले ते लिहून ठेवायचे, इतके एका पानावर मावते. त्यावर शाळा, गिर्यारोहण संस्था आणि गावची समिती या तिघांच्या सह्या असाव्यात, व एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पत्रासोबत जोडावी. ते पत्र दिवाळीच्या सुट्टीआधीच नेऊन द्या. डिसेंबरात सहलींचे इतके अर्ज येतात की तुमची जागा पाहायला वनरक्षकाला सवड मिळणार नाही, आणि तो जागेवर येऊन गेल्याखेरीज मिळालेली परवानगी मी तरी पुरेशी मानत नाही.